पितांबरनानांच्या मोटारीच्या काचा

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात किळस करून चालत नाही, असं माझा उस्ताद म्हणायचा. म्हणायला त्याचं काय जातं! मी सुपडू मिस्त्री, जळगावात स्टेशनाच्या मागे माझा पत्र्याचा गाळा आहे, आणि वीस वर्षांत मी मोटारींच्या पोटात काय काय पाहिलंय ते जेवताना सांगण्यासारखं नाही. पानाच्या पिंका, वरातीतल्या वऱ्हाड्यांच्या उलट्या, बॉनेटखाली व्यालेली मांजर. पण तोताराम पितांबरच्या मोटारीचं दार उघडलं, तेव्हा मी धावत अंगणात गेलो आणि त्याच्या आईच्या तुळशीपुढे सकाळचा चहा बाहेर काढला. खोटं सांगत नाही.

आधी तोताराम कोण ते सांगतो. चोपड्यापासून दोन कोसांवर त्याचं गाव. केळी आणि कापूस, दोन भाऊ, एक आई, एक बहीण सासरी. तोताराम धाकटा. पस्तिशीचा, लांबट मानेचा, बोलण्याआधी धोतराच्या सोग्यानं हात पुसणारा माणूस. हात स्वच्छ असले तरी पुसणार. कुणी जागा दिली तरी कडेलाच बसणार. पंचावन्न सालच्या चैत्रात तो माझ्या गाळ्याच्या दारात असाच अर्धा तास उभा होता. मला वाटलं, कुणाची वाट बघतोय. शेवटी मीच खेकसलो, "काय पाहिजे?"

त्यानं हात पुसले. "मिस्त्रीभाऊ, मना बापनी मोटार शे. चालू व्हयी का?"

त्याचे वडील पितांबरनाना तीन वर्षांपूर्वी वारले होते. धुळ्याहून बदली होऊन विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून नानांनी ती बंद टपाची काळी मोटार एकतीस साली घेतली होती. त्या टापूत शेतकऱ्याच्या दारात दुसरी मोटार नव्हती. नाना स्वतः चालवत. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत, तोतारामचाही नाही. त्यानं फक्त शेजारी बसायचं, टाकीत पाणी भरायचं आणि काचा पुसायच्या. मरताना नाना म्हणाले, मोटार तोतारामची. एकवीस वर्षं काचा पुसल्याचं बक्षीस, दुसरं काय!

थोरला भाऊ कौतिक. त्याला मोटार नको होती, त्याला तिचा आस आणि चाकं हवी होती. आता यात मी त्याला दोष देणार नाही. लोखंडी धावेच्या बैलगाडीत केळीचे घड स्टेशनापर्यंत जाताना आदळून आदळून काळे पडतात. मोटारीच्या आसावर टायरची बैलगाडी बांधली की माल नवरीसारखा जातो. तेव्हा सगळीकडे लोक जुन्या मोटारी त्यासाठीच तोडत होते. कौतिकनं पाव्हण्यांसमोर बोलून ठेवलं होतं, "आखाजीनी घागर भराना पहिले बेबा या गाडीमा बशीसन दारशी उनी, ते गाडी तुन्ही. नही उनी, ते आस मना, चाकं मनी."

बेबा म्हणजे बेबाबाई, त्यांची बहीण, अडावदला दिलेली. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आणतात. निंबाला झोके बांधतात, पूर्वजांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. नाना दरवर्षी मोटार घेऊन तिला आणायला जात. ते गेल्यापासून ती बैलगाडीनं येत होती. तोतारामच्या मनात एवढंच होतं : यंदा नानांच्या घागरीआधी बेबा नानांच्या मोटारीतून दारात उतरली पाहिजे. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि मी येडा, विरघळलो. आखाजीला सव्वीस दिवस होते. पान्यांची पेटी उचलली आणि त्याच्याबरोबर एस.टी.त बसलो.

मोटार खळ्यातल्या पडवीत होती. टपावर कोंबड्यांनी तीन वर्षांची शिट घालून ठेवलेली, कडक झालेली. तेवढं मी समजू शकतो, कोंबडीला अक्कल कुठून येणार. पण काचांच्या आतून पिवळट पडदा आल्यासारखा दिसत होता. मी दार ओढलं. निघेना. पाय लावून ओढलं, तेव्हा आत चिकटलेलं काहीतरी तट्‌दिशी सुटलं आणि आतली घाण वाफेसारखी माझ्या तोंडावर आली. सडक्या केळ्यांची, धुराची आणि उंदरांच्या मुताची. चिलटांचा लोट नाकातोंडात गेला. मागच्या बाकावर काळा चिखल होता. तो चिखल हलत होता. पुढचं मी वर सांगितलंच आहे.

तोंड धुऊन आलो तर त्याची आई, धुरपदाबाई, हसतमुखानं उभी. म्हातारीनं मला मोठ्या कौतुकानं समजावलं, "भाऊ, यामा धूर चांगला कोंडास. खोलीमा ठेवं ते फटीमाईन निंघी जास. आठे चार दिनमा बठ्ठा घड पिवळा व्हई जातस."

ऐकलंत? मोटारीची भट्टी केली होती! लग्नकार्याला, आखाजीला, पाव्हणेरावळे आले की हिरवे घड आत रचायचे, पायाशी गोवऱ्यांचं धुमसतं मडकं ठेवायचं, काचा लावायच्या, दार बंद. अळ्या पडतील, चामडं जळेल, कुणाला फिकीर नाही. केळ पिकलं ना? झालं तर! जो घड खाली राहिला तो तिथंच सडला. केळीचा चीक किती चिवट असतो ते केळीवाल्यांना सांगायला नको, कपड्याला लागला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. साहेबाच्या त्या गुळगुळीत चामड्यावर हाताहाताएवढे काळे चट्टे.

"अक्का, ही मोटार आहे!" मी ओरडलो.

"हाव, मोटारच शे," म्हातारी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

मी तोतारामकडे वळलो. "आणि तू? तू काय करत होतास? वडिलांची मोटार म्हणून डोळ्यांत पाणी आणतोस, तीन वर्षं हे बघत बसलास?"

त्यानं हात पुसले. मला त्याचा असा राग आला, पाना फेकून निघून जावं वाटलं. पण एस.टी. संध्याकाळशिवाय नव्हती.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. तोताराम फावड्यानं चिखल उपसायचा, मी नाकाला फडकं बांधून लांब उभा. बाकं फाडून काढली तर आत उंदरांची गुलाबी पिल्लं. जमिनीच्या फळ्या राखेनं घासल्या, रॉकेलनं धुतल्या, उन्हात टाकल्या, निंबाचा पाला जाळला, कापूर जाळला. वास जाईना. अंगाला बसला, भाकरीला बसला. माझी बायको तिसऱ्या आठवड्यात मला घरात घेताना म्हणाली, आधी विहिरीवर जाऊन या. तोताराम मात्र तक्रार करायचा नाही. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत गुडघ्यांवर. नखांत काळं भरलेलं, तरी चेहरा देवळातल्या माणसासारखा. ते बघून माझी चिडचिड अजून वाढायची.

इंजिन त्या मानानं सज्जन निघालं. चार दिवस एरंडेल पाजल्यावर पिस्टन सुटले. कार्बोरेटर साफ केला, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या त्या नव्या ओढल्या, टायर जळगावहून आणले. सतराव्या दिवशी हँडल मारलं आणि तिनं काळा धूर सोडून खळ्यातल्या सगळ्या कोंबड्या हाकलल्या. मला फार बरं वाटलं, कोंबड्यांसाठी.

तोताराम म्हणाला, "आते काचा."

म्हटलं, काचांचं काय एवढं? अडावद पाच कोस. काचा नसल्या तरी बेबाबाई पोचेल. पण तो ऐकेना. नाना म्हणे कुणालाही मोटार दाखवताना इंजिन नाही, काचा दाखवत. मूठ फिरवून काच पूर्ण वर करायची आणि समोरच्याला फटीशी हात धरायला लावायचा. वारा येतो का बघा. धूळ नाही, वारा नाही, बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. हे त्यांचं ठरलेलं बोलणं. तशाच काचा बसल्या पाहिजेत.

बसवल्या. बाकीच्या मोटारीला लागले नसतील एवढे कष्ट त्या चार काचांना लागले. मुठींचे दाते गंजले होते, ते एकेक घासले. खोबणींत चीक सुकून दगड झाला होता, तो तारेनं उकरला. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, नव्या पट्ट्या बसवल्या. शेवटी काच अशी वर जायची की फटीतून धागा ओढता येऊ नये. मी स्वतः हात धरून बघितला. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. हे लक्षात ठेवा.

मधल्या वेळात खळ्यात त्याला चालवायला शिकवलं. पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसला तेव्हा सवयीनं आधी धोतराच्या सोग्यानं समोरची काच पुसायला वाकला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही अडावदला गेलो. तो चालवतोय, मी शेजारी. काही बिघडलं तर असावं म्हणून. बेबाबाईच्या सासरी सगळी आळी जमली. सासू मोटारीच्या दिव्यांना कुंकू लावून गेली. बेबाबाईचा नवरा सुताराच्या नजरेनं मोटारीला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "आठ दिवसांनी याच गाडीतून पोचवा, इज्जतीत." बेबाबाई बोचकं घेऊन आली. तिशी ओलांडलेली, हाडं निघालेली बाई. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. भावाकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं आणि खालचा ओठ दाताखाली धरून मागच्या बाकावर डाव्या बाजूला बसली. मला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं गलबलली.

गावाबाहेर आलो. समोरून कापसाची गाडी गेली, धुळीचा लोट उठला. झालं, माझ्यातला शहाणा जागा झाला. मी मागे वळून म्हणालो, "बाई, आता गंमत बघा, धुळीचा कण येणार नाही." आणि हात लांबवून तिच्या बाजूची मूठ फिरवली. काच लोण्यासारखी वर निघाली.

"खाले करा!" ती किंचाळली. "काच खाले करा पहिले!"

मी दचकलो. मूठ उलटी फिरवली ती इतक्या घाईनं की आतला दाता तुटला आणि काच अर्ध्यावर अडकली. बेबाबाईनं दोन्ही हातांनी काच खाली दाबली. धापा टाकत होती. तोतारामनं मोटार कडेला घेऊन थांबवली आणि पुढे बघत बसला. मागे वळला नाही.

मग ती बोलली. आवाज चढवून नाही. माझ्याकडे बघूनच बोलली, कारण भाऊ पाठमोरा होता.

"नाना बी आशीच काच वर करे. माले परत पोचाडाले निंघनात का मी रडू. तठे माले मारतस, नका धाडा म्हनू. ह्या हातना बोटं दखाडात. नाना म्हने, रडू नको, लोके आयकतीन. चारी काचा वर करे नि गाडी हाके. बाहेर कोनलेच आयकू ये नही."

इंजिन चालू होतं. ते बंद करावं हेही मला सुचलं नाही.

"नाना गया त्या साले मीच अक्काले सांगं, या गाडीमा केळी ठेव. म्हनं, सडू दे."

मी तोतारामकडे बघितलं. एकवीस वर्षं नानांच्या शेजारी कोण बसत होतं? काचा कोण पुसत होतं? "तू होतास गाडीत?" मी विचारलं. "दर वेळेला?"

"व्हतू," तो म्हणाला.

हात पुसले नाहीत. मला त्या माणसाची किळस आली. सडक्या केळ्यांची आली त्याहून जास्त. दोन हातांच्या अंतरावर बहीण रडतेय, हा कडेला बसून पुढे बघतोय, आणि वर नानांच्या काचा तशाच बसल्या पाहिजेत म्हणून माझ्या पाठीस लागतोय! आणि माझी मला काय कमी आली? कौतुकानं फटीशी हात धरून बघत होतो मी. थू!

घरी पोचलो. घागर भरायच्या आत बेबा दारात उतरली. आई ओवाळायला आली, शेजारणींनी गाणं धरलं. कौतिक तोंड पाडून म्हणाला, "गाडी तुन्ही." तोताराम जिंकला. माझा हिशोब चुकता करून मला एस.टी.त बसवलं. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

सातव्या दिवशी हा परत गाळ्याच्या दारात. या वेळी वाट बघत थांबला नाही, सरळ आत आला. "मिस्त्रीभाऊ, पाने ल्या. आस काढना शे."

"कसला आस?"

"मोटारना. चाकं बी."

माझं डोकं फिरलं. सव्वीस दिवस घाणीत हात घातले ते यासाठी? त्यानं माझी पान्यांची पेटी उचलून खांद्यावर घेतली. गेलो. दुसऱ्या दिवशी बेबाबाईला पोचवायचं होतं. अंगणात कौतिक, म्हातारी, आणि ओटीच्या खांबाला टेकून बेबाबाई. तोताराम भावासमोर उभा राहिला. अंगणाच्या मधोमध. कडेला नाही.

"आस तुले," तो म्हणाला. "चारी चाकं तुले. बेबा आठेच ऱ्हाई. परत धाडना नही."

कौतिक उडालाच. नांदती लेक घरात ठेवायची? सोयऱ्यांना काय सांगायचं? "लोके काय म्हनतीन?"

"बठ्ठं सांगसू लोकेस्ले. आयकू दे," तोताराम म्हणाला. आवाज फाटला होता, पण म्हणाला.

कौतिक मोटारीच्या नव्या टायरांकडे बघत बसला. मी त्याचं तोंड बघत होतो. बहीण एका पारड्यात, चार चाकं दुसऱ्यात, आणि हा माणूस तोलतोय. बरं, तोलून तरी काय म्हणाला? "मांगली खोली रिकामीच शे." चाकांपायी बहिणीला माहेरी जागा मिळाली, तीही मागची! असल्या भावांचं तोंड बघू नये. पण तोतारामला भाऊ पुरता माहीत होता. त्याच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती त्यानं दिली. मी जॅक लावला. नट सोडताना तो माझ्या शेजारी बसून एकेक नट हातात घेत होता. शेवटचं चाक निघालं आणि मोटार दगडांवर पोटानं टेकली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. या वेळी मला राग आला नाही.

नवरा एकदा दारात येऊन आरडाओरडा करून गेला. तोताराम उंबऱ्यात बसून राहिला, उठला नाही आणि त्याला आतही जाऊ दिलं नाही. गावानं वर्षभर चघळलं. चघळायला गावाला काहीतरी लागतंच.

अठ्ठावन्न साली चोपड्याच्या बाजारात मला कुणीतरी मागून हाक मारली. बेबाबाई. पुढ्यात टोपल्यात पिवळीधमक केळी, डाग नाही की ठिपका नाही. अंगावर मांस आलं होतं. बोटं तशीच. म्हणाली, मोटारीतच पिकवते, दर बाजाराला दोन टोपल्या जातात, आता कौतिकभाऊलासुद्धा तिच्याकडून घ्यावी लागतात.

"पन मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली, "मांगनी डावी काच अर्धीच ऱ्हास. धूर निंघी जास. येशात का?"

नको म्हणणार होतो. तो वास अजून नाकात होता. दुसऱ्या दिवशी गेलो. पडवीत मोटार दगडांवर होती, आत हिरवे घड रचलेले, पायाशी मडकं तयार. तोताराम निवडलेले घड आणून देत होता. केस पिकले होते त्याचे. मी नाकाला फडकं बांधलं, दार उघडलं, तुटका दाता काढून नवा बसवला. तिच्या बाजूची काच. मूठ फिरवायला लागलो आणि अर्ध्यावर माझा हात आपोआप थांबला. मला पुढे फिरवताच येईना.

बेबाबाई बाहेर उभी होती. फटीशी तळहात धरून.

"वर करा," ती म्हणाली. "आखो वर. पुरी वर करा."